आवडत्या लेखकाला पत्र लिहिताना



परीक्षेत पत्रलेखनाला गुण असतात. म्हणून आपण सर्वजण मुख्याध्यापकांकडे रजा मागायला, पुस्तक विक्रेत्याकडे पुस्तके मागवायला आणि मित्राचे अभिनंदन करायला शिकतो. ज्याने ते पुस्तक लिहिले त्याला पत्र कसे लिहावे, हे मात्र प्रश्नपत्रिकेत कधी येत नाही. तरीही प्रत्येक वर्गात एखाद-दुसरा मुलगा किंवा मुलगी अशी असतेच, जिच्या वहीच्या मागच्या पानांवर कविता असतात. थोडा धीर आला की ही मुले विचारतात, "सर, हे कोणाला दाखवू?"

भोपाळमध्ये या प्रश्नाचे उत्तर देणे जरा अवघड जाते. १९५६ साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला आली आणि नागपूर, इंदूर, ग्वाल्हेरकडची कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन राहिली. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरांतून मराठी घरे झाली, गणपती बसू लागले, भिशी-हळदीकुंकू सुरू झाले. पण ज्यांची पुस्तके आपण वाचतो ते मराठी लेखक पुण्या-मुंबईला, नागपूरला किंवा आणखी कोठे राहिले. पुण्यातल्या मुलाला शेजारच्या गल्लीत एखादा लेखक भाजी घेताना दिसू शकतो. येथल्या मुलाला तो पुस्तकाच्या मलपृष्ठावरच्या फोटोतच भेटतो. मग एक तर मुले वही कोणालाच दाखवत नाहीत, नाही तर एकदम सगळी वही कोणाला तरी पाठवून देतात. या दोहोंच्या मधला मार्ग कोणता, तो या लेखात पाहावयाचा आहे. त्यासाठी आधी काही खऱ्या गोष्टी सांगतो.

सुरुवात आपल्याच प्रांतापासून करू. माधवराव सप्रे हे नाव तुम्ही संग्रहालयाच्या पाटीवर वाचले असेल. १९८४ साली स्थापन झालेले सप्रे समाचारपत्र संग्रहालय आपल्या तुलसी नगरपासून फार लांब नाही. सप्रे यांचा जन्म १८७१ सालचा, दमोह जिल्ह्यातील पथरिया गावचा. घरची भाषा मराठी, पण आयुष्यभर लेखन हिंदीत. टिळकांचे 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' त्यांनी हिंदीत आणला. टिळकांच्या 'केसरी'च्या धर्तीवर त्यांनी नागपूरहून 'हिंदी केसरी' काढला आणि १९०८ साली राष्ट्रीय आंदोलन व बहिष्कार या विषयावर निबंध स्पर्धा ठेवली. पहिले बक्षीस खंडव्याच्या एका शाळामास्तराला मिळाले. त्या वेळी त्याचे वय एकोणीस वर्षांचे. नाव माखनलाल चतुर्वेदी.

पुढे १९२० साली जबलपूरहून 'कर्मवीर' निघाले तेव्हा ते काढण्यामागे सप्रे होते आणि संपादकाच्या खुर्चीत हा एके काळचा स्पर्धक होता. नंतर 'कर्मवीर' खंडव्याहून निघू लागले. साहित्य अकादमीचा हिंदीसाठीचा पहिला पुरस्कार १९५५ साली चतुर्वेदींनाच मिळाला. भोपाळचे पत्रकारिता विद्यापीठ त्यांच्याच नावाचे आहे, हे तुम्हाला माहीत आहेच.

याच 'कर्मवीर'मध्ये १९३० नंतरच्या दशकात इंदूर-उज्जैनकडच्या एका मराठी मुलाच्या कविता छापून येऊ लागल्या. तो मुलगा म्हणजे गजानन माधव मुक्तिबोध. जन्म १९१७ सालचा, श्योपूरचा. वडील पोलीस खात्यात. घरात मराठी, बाहेर हिंदी, म्हणजे अगदी तुमच्यासारखीच परिस्थिती. गजाननराव हिंदीत लिहू लागले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत. दोघेही मोठे झाले. शरच्चंद्र मुक्तिबोधांना १९७९ साली मराठीसाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९४३ साली अज्ञेयांनी 'तार सप्तक' संपादित केले. त्यातल्या सात हिंदी कवींपैकी मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे असे दोघे मराठी मातृभाषेचे होते. मराठी घरात वाढल्यामुळे आपली हिंदी कच्ची राहते किंवा हिंदी गावात राहिल्यामुळे मराठी कच्ची राहते, अशी तक्रार घेऊन कोणी आले की मला या दोन भावांची आठवण होते.

आता या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. १९५८ साली मुक्तिबोध राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्याच गावचा एक तरुण जबलपूरला शेतकी शिकत होता आणि कविता लिहीत होता. त्याने मुक्तिबोधांना गाठले, कविता दाखवल्या. मुक्तिबोधांनी त्या वाचल्या आणि त्यातल्या आठ कविता दिल्लीला श्रीकांत वर्मा यांच्याकडे पाठवल्या. वर्मांच्या 'कृति' मासिकात त्या छापून आल्या. तो तरुण म्हणजे विनोद कुमार शुक्ल. २०२४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार ज्यांना जाहीर झाला तेच. पण कविता पाठवणाऱ्या मुक्तिबोधांचा स्वतःचा काव्यसंग्रह तोपर्यंत निघालेला नव्हता! १९६४ साली ते आजारी पडले, आपल्या हमीदिया रुग्णालयात काही काळ होते, तेथून दिल्लीला नेले आणि सप्टेंबरमध्ये गेले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह त्यांना हातात घेता आला नाही. ज्याचे स्वतःचे पुस्तक नाही, तो दुसऱ्याच्या आठ कविता निवडतो, पाकिटात घालतो, तिकीट लावून पाठवतो. थोर साहित्यिकांबद्दल आपण पुष्कळ मोठमोठे शब्द वापरतो. मला त्या पाकिटाचे जास्त वाटते.

मराठीतही अशीच एक साखळी आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हेही १८७१ सालचे, आणि योगायोग असा की सप्रे यांच्यापेक्षा अवघ्या दहा दिवसांनी लहान. जन्म नागपूरचा. त्यांचे विनोदी लेख आणि नाटके वाचून राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानू लागले. गडकऱ्यांचा सहवास पुण्यात शिकणाऱ्या एका सांगलीच्या मुलाला लाभला. तो मुलगा म्हणजे वि. स. खांडेकर. पुढे खांडेकर कोकणात शिरोड्याला शिक्षक झाले, लेखक म्हणून नावारूपाला आले, नंतर कोल्हापूरला राहिले. १९४२ साली त्यांनी एका तिशीतल्या कवीचा संग्रह स्वतः प्रकाशक होऊन काढला आणि त्याला प्रस्तावना लिहिली. संग्रहाचे नाव 'विशाखा', कवी कुसुमाग्रज. त्यांच्या वाढदिवशी, २७ फेब्रुवारीला, आपण मराठी भाषा दिन साजरा करतो. खांडेकरांना १९७४ सालचे ज्ञानपीठ मिळाले, कुसुमाग्रजांना १९८७ सालचे. ज्याने दुसऱ्याचे पुस्तक काढले आणि ज्याचे काढले, त्या दोघांनाही ज्ञानपीठ!

कधी कधी लेखक स्वतः जात नाही, त्याच्या वतीने दुसरे कोणी जाते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि मावसभावाने लिहून ठेवल्या होत्या. त्या सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवल्या. अत्र्यांनी पुस्तकाचा आग्रह धरला, प्रस्तावना लिहिली, आणि बहिणाबाई गेल्यानंतर १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' निघाली. आर. के. नारायण यांच्या 'स्वामी अँड फ्रेंड्स'चेही तसेच झाले. पुष्कळ प्रकाशकांनी हस्तलिखित नाकारले होते. ऑक्सफर्डला शिकणाऱ्या मित्राने ते ग्रॅहॅम ग्रीन यांना वाचायला दिले, ग्रीन यांनी प्रकाशक मिळवून दिला आणि १९३५ साली पुस्तक आले. दोघांची प्रत्यक्ष भेट व्हायला पुष्कळ वर्षे जावी लागली.

या सर्व गोष्टींत एक समान धागा आहे आणि तो नीट पाहिला पाहिजे. माखनलालांनी निबंध लिहिलेला होता. शुक्लांच्या कविता लिहिलेल्या होत्या. कुसुमाग्रजांच्या कविता मासिकांतून लोक वाचत होते. 'मला लेखक व्हायचे आहे, आशीर्वाद द्या' असे म्हणून कोणी कोणाच्या दारात उभे राहिले नव्हते. आधी लिहिलेले काही तरी होते, आणि समोरच्याने ते खरोखर वाचले. म्हणून लेखकाकडे मागायचेच झाले तर ते एकच: त्याचे वाचणे. कौतुक, प्रस्तावना, ओळख, प्रकाशकाचा पत्ता या गोष्टी मागायच्या नसतात. मिळायच्या असल्या तर त्या वाचल्यानंतर, त्याच्या मनाने मिळतात.

आणि समोरच्याने आपले वाचावे असे वाटत असेल तर आपण त्याचे वाचलेले पाहिजे. हे इतके उघड आहे की सांगायला नको, पण सांगावे लागते. एक पत्र पाहा. नाव-गाव काढून टाकले आहे, आणि खरे सांगायचे तर अशी पत्रे सगळीकडे सारखीच असतात.

"आदरणीय महोदय, आपण मराठीतील महान साहित्यिक आहात. आपली सर्व पुस्तके मला अत्यंत आवडतात. मीसुद्धा कवी आहे. सोबत माझ्या ४० कविता पाठवत आहे. कृपया सविस्तर अभिप्राय व प्रस्तावना द्यावी आणि चांगला प्रकाशक सुचवावा. आपल्या उत्तराची आतुरतेने वाट पाहत आहे."

या पत्रात लेखकाचे काही वाचल्याचा पुरावा कोठे आहे? हेच पत्र दहा लेखकांना नाव बदलून पाठवता येईल, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळते. दुसरे असे की एक कविता नीट वाचायला दहा मिनिटे धरली तर चाळीस कवितांना सहा तास चाळीस मिनिटे लागतात. अनोळखी माणसाकडे आपण एवढा वेळ मागतो आहोत, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानातही आलेले नाही.

आता दुसरे पत्र. हे मी नमुन्यासाठी तयार केले आहे. यातली कथा कोणत्याही पुस्तकात शोधू नका.

"सा. न. वि. वि. मी भोपाळला नववीत शिकते. घरी आम्ही मराठी बोलतो. आपल्या कथेतली आजी गाव सोडताना घराला कुलूप लावते आणि किल्ली शेजारणीला देते. तिला परत यायचे आहे म्हणून देते, की परत यायचे नाही म्हणून देते, हे मला दोनदा वाचूनही ठरवता आले नाही. माझी आई म्हणते यायचे आहे. मला वाटते नाही. मीही माझ्या आजोबांवर एक पान लिहिले आहे. माझा भाऊ म्हणाला, यात आजोबा काही बोलतच नाहीत. पात्राला केव्हा बोलते करायचे हे आपण कसे ठरवता? पान सोबत जोडलेले नाही, आपण म्हणालात तर पाठवीन. उत्तर द्यायला सवड झाली नाही तरी चालेल."

हे पत्र पोस्टकार्डावर मावेल. यात महान हा शब्द नाही. पण कथा वाचली आहे, त्यावरून घरात वाद झाला आहे, आणि विचारलेला प्रश्न एकच आहे, तोही उत्तर देता येण्यासारखा. कथाकाराला याहून जास्त आनंद कोणत्या पत्राने होईल? मात्र हा नमुना उतरवून काढू नका, नाही तर पुढच्या वर्षी भोपाळच्या प्रत्येक मुलाच्या आजोबांनी मौन धरलेले असेल.

मायन्याबद्दल दोन शब्द. वडीलधाऱ्या लेखकाला 'सा. न. वि. वि.', म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, असे लिहिण्याची आपली जुनी रीत आहे. ती पाळली तर छान दिसते. 'आदरणीय' आणि 'सप्रेम नमस्कार' लिहिले तरी काही बिघडत नाही. 'सर' किंवा 'मॅडम' चालेल, 'काका', 'मावशी' नको. ते नाते अजून जुळलेले नाही. पत्ता ठाऊक नसेल तर पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर प्रकाशकाचा पत्ता असतो. पाकिटावर लेखकाचे नाव आणि खाली 'द्वारा' लिहून प्रकाशकाचे नाव-पत्ता घालावा. काही दिवाळी अंकांत लेखकांचे पत्ते वा ई-मेल छापलेले असतात. पत्रासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट ठेवण्याची पद्धत होती, ती आजही उपयोगाची आहे. ई-मेल करायचा असेल तरी पत्र असेच लिहावे. व्हॉट्सॲपवर रात्री अकरा वाजता 'नमस्कार सर, वेळ आहे का?' एवढेच पाठवून वाट पाहत बसणे हे पत्र नव्हे.

भाषेबद्दल मुलांना फार संकोच वाटतो. आपण भोपाळात 'तो येऊन राहिला', 'मी करून राहिली' असे सर्रास बोलतो, 'खिडकी बंद कर' ऐवजी 'खिडकी लाव' म्हटले की घरातली लहान मुले क्षणभर थांबतात. पत्र पाठवण्याआधी ते एकदा मराठीच्या शिक्षकांना किंवा घरातल्या जाणत्या माणसाला दाखवून ऱ्हस्व-दीर्घ सुधारून घ्यावे, यात कमीपणा नाही. पण वाक्ये तुमचीच असू द्या. पुण्याच्या मुलाने लिहावे तसे लिहिण्याचा प्रयत्न केला की पत्रातले भोपाळ निघून जाते, आणि लेखकाला तर तेच वाचायचे असते.

आता उत्तराचे काय? पुष्कळदा उत्तर येत नाही. लेखक आजारी असतो, प्रवासात असतो, पत्र प्रकाशकाच्या टेबलावर पडून राहते, किंवा त्याला नुसता कंटाळा आलेला असतो. त्याने पुस्तक लिहून आपले काम केलेले आहे. उत्तर देणे हे त्याच्यावर बंधन नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा आठवण करण्यास हरकत नाही, पण त्यानंतर थांबावे. फोन नंबर मिळवून फोन करू नये. न कळवता घरी तर मुळीच जाऊ नये. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक होते. लोकांत मिसळणे, सभा-समारंभ यांपासून ते कटाक्षाने दूर राहत. पण हाच माणूस लांबलचक, मोकळी पत्रे लिहीत असे. सुनीताबाई देशपांडे यांना त्यांनी लिहिलेली पत्रे पुस्तकरूपाने निघाली आहेत, आणि सुनीताबाईंची पत्रे 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात आहेत. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना ती थोडी जड जातील, पण पालकांनी अवश्य वाचावीत. ज्याला भेटता आले नसते, त्याच्याशी पत्राने किती बोलता येते, ते त्यांत दिसते.

उत्तर आले आणि ते मनासारखे नसले तर? संपादकांच्या भाषेत 'साभार परत' असा एक शब्द आहे. मराठीतल्या कितीतरी मोठ्या लेखकांनी तो पाहिलेला आहे. १९८२ साली बंद पडलेल्या 'सत्यकथा' मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक नव्या लेखकाच्या कथेवर बारकाईने काम करत. कोठे काय खटकते ते पत्राने कळवत आणि कथा पुन्हा लिहून मागवत. अशा पत्राने नवा लेखक आधी खट्टू होत असणार. पण 'छान आहे, लिहीत राहा' या चार शब्दांपेक्षा 'तिसऱ्या परिच्छेदात गडबड आहे' हे वाक्य कितीतरी जास्त उपयोगी. कारण ते लिहिणाऱ्याने तिसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचलेले असते.

या विषयावरचा जगातला सर्वांत प्रसिद्ध पत्रव्यवहारही एका विद्यार्थ्याचाच आहे. ऑस्ट्रियात वीनर नॉयश्टाट येथील लष्करी विद्यालयात फ्रान्झ काप्पुस हा एकोणीस वर्षांचा मुलगा १९०२ साली झाडाखाली बसून राइनर मारिया रिल्के यांच्या कविता वाचत होता. तेथल्या धर्मोपदेशकांनी ते पुस्तक पाहिले आणि सांगितले की हा रिल्के पूर्वी दुसऱ्या एका लष्करी शाळेत माझ्यासमोर शिकत होता. आपल्यासारख्याच शाळेत कोंडलेला मुलगा कवी झाला हे कळल्यावर काप्पुसने धीर करून त्याला पत्र लिहिले आणि कविता पाठवल्या. रिल्केही तेव्हा फक्त सत्तावीस वर्षांचे होते. फेब्रुवारी १९०३ मध्ये पॅरिसहून उत्तर आले. त्यात कविता चांगल्या की वाईट याचा निकाल रिल्के यांनी दिला नाही. बाहेरच्यांना विचारू नकोस, लिहिल्यावाचून तुला राहवते का हे स्वतःला विचार, अशा आशयाचे त्यांचे सांगणे होते. जवळजवळ सहा वर्षांत रिल्के यांनी दहा पत्रे लिहिली. त्यातली नऊ पहिल्या दोन वर्षांतली.

या दहा पत्रांत एक गोष्ट अशी आहे की ती मी वर्गात नेहमी सांगतो. काप्पुसने एक सुनीत पाठवले होते. रिल्के यांनी ते स्वतःच्या हाताने सुवाच्य उतरवून काढले आणि त्यालाच परत पाठवले. आपली कविता दुसऱ्याच्या अक्षरात वाचली की ती परक्याची कविता असल्यासारखी दिसते, आणि मग तिच्यात काय आहे आणि काय नाही हे आपले आपल्यालाच समजते. एकही टीका न करता एवढे शिकवता येते! हा प्रयोग आपल्या वर्गात दोन मित्रांनी मिळून करण्यासारखा आहे. त्याला कोणा मोठ्या लेखकाची गरज नाही. काप्पुस पुढे लष्करात गेला, पत्रकारिता केली, पुस्तके लिहिली, पण मोठा कवी काही झाला नाही. रिल्के गेल्यानंतर १९२९ साली त्याने ती दहा पत्रे छापली, आणि जगभरच्या नवोदितांना ती मिळाली.

काप्पुस मोठा कवी झाला नाही, म्हणजे रिल्के यांची पत्रे वाया गेली का? हा प्रश्न खास पालकांसाठी. कारण मुलाने लेखकाला पत्र लिहिले की घरातल्यांना लगेच फळ हवे असते. उत्तर आले तर त्याचा फोटो ग्रुपवर, फ्रेम करून भिंतीवर, आणि पुढच्या पत्रात 'आमच्या मुलीला आपण मार्गदर्शन करावे' अशी आईची किंवा वडिलांची पुरवणी. कृपया असे करू नका. पत्र मुलाचे असेल तर ते मुलालाच लिहू द्या, वाकडे-तिकडे का असेना. पैसे भरून बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे संग्रह छापून देणारे पुष्कळ निघाले आहेत, त्यांच्याही नादी लागू नये. छापलेले पुस्तक हातात आले की मूल पुन्हा लिहून पाहायला तयार होत नाही. मात्र एका बाबतीत पालकांनी लक्ष घातलेच पाहिजे. अज्ञान मुलाने अनोळखी व्यक्तीशी, मग ती कितीही नामवंत असो, पत्रव्यवहार करावा तो घरच्यांच्या माहितीने. परतीचा पत्ता घराऐवजी शाळेचा द्यावा, ई-मेल पालकांच्या खात्यावरून जावा, फोटो आणि फोन नंबर पाठवू नयेत. यात अविश्वासाचा प्रश्न नाही, एवढी काळजी आपण सहलीलाही घेतो.

लेखक नेहमी दूरच असतात असेही नाही. भोपाळला भारत भवन १९८२ पासून आहे. तेथे आणि शहरात इतरत्र कवी-लेखक येत असतात, हिंदीचे, उर्दूचे, क्वचित मराठीचेही. कार्यक्रम संपल्यावर गर्दीत वही पुढे करू नये. एक प्रश्न तयार ठेवावा, नमस्कार करून विचारावा आणि उत्तर ऐकून बाजूला व्हावे. नंतर त्याच लेखकाला पत्र लिहिले तर 'त्या दिवशी मी अमुक विचारले होते' अशी सुरुवात करता येते. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोंबरेने कविता म्हटल्या आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. रेव्हरंड टिळकांच्या घरी तर तो पुढे घरच्या मुलासारखा राहिला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त हा ठोंबरे भेटतो. पण तोही प्रथम सभेत उभा राहून कविताच म्हणाला होता.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. वक्तृत्व आणि निबंध स्पर्धांत आपण ढाली व प्रमाणपत्रे देतो. त्याऐवजी हयात असलेल्या एखाद्या मराठी लेखकाचे पुस्तक द्यावे आणि आत एक कोरे, तिकीट लावलेले पाकीट ठेवावे. खर्च ढालीपेक्षा जास्त येणार नाही. शाळेच्या वाचनालयात शेवटचे नवे मराठी पुस्तक केव्हा आले, तेही एकदा पाहावे. ज्यांना पत्र लिहायचे त्यांची पुस्तके तेथे नसतील तर हा सगळा धडा कोरडाच राहील.

स्वाध्याय. या सत्रात वाचलेल्या एका मराठी कथेच्या किंवा कवितेच्या हयात लेखकाला बारा ओळींहून मोठे नसलेले पत्र लिहा. त्यात तुम्हाला न कळलेली एक जागा आणि एकच प्रश्न असावा. 'महान', 'थोर', 'अत्यंत' हे शब्द वापरू नयेत. दुसरे, तुमची एक कविता किंवा एक परिच्छेद शेजारच्या बाकावरील मित्राकडून त्याच्या अक्षरात उतरवून घ्या, आठ दिवसांनी वाचा आणि जे खोडावेसे वाटेल ते खोडा. आठवी व त्यापुढील वर्गांसाठी तिसरा स्वाध्याय: सप्रे संग्रहालयात जाऊन तेथील जुन्या पत्रांपैकी एखादे पत्र पाहा आणि त्यातली शाई, घडी, तारीख, मायना यांचे वर्णन दहा ओळींत करा. पत्रे मराठी विभागाकडे द्यावीत. शुद्धलेखन तपासून झाल्यावर ती ज्याची त्याला परत मिळतील, आणि पाकीट पोस्टात ज्याचे त्यानेच टाकायचे आहे.